टाकीतलं पीठ

५ जानेवारी २०२५

बंद पडली. भर चढावर! उमरग्याच्या अलीकडं, तुरीची पोती गच्च भरलेली, मागं उसाचे ट्रॅक्टर भोंगे वाजवतायत आणि आमचं ट्रकचं धूड रस्ता अडवून उभं. ड्रायव्हर मायाप्पानं उडी मारली, फिल्टर खोलला. ‘अण्णा, डिझेल वर चढंना गेलंय.’ हातपंप मारून मारून त्याच्या अंगठ्याला फोड आला. गाडी सुरू व्हायची, थोडं सरकायची, झटके देऊन परत गप्प.

शेवटी नागसेन म्हणून दुसरा गाडीवाला आहे, त्याच्या नव्या ट्रकमध्ये माल भरून दिला. त्याच्या गाडीची काच वर-खाली बटणानं होते. आमचीला काचच एक आहे. तुरीचा हंगाम म्हणजे आमची दिवाळी, आणि दिवाळीच्या तोंडावर हे! मायाप्पा म्हणत होता, ‘जुनं हाय, पर दगा दिल्यालं न्हाई कवा.’ दिला की आज.

७ जानेवारी

चन्नबसप्पा मिस्त्रीनं उजवी टाकी खाली घेतली. तळाचा नट सोडला तर आधी पाणी आलं, मग डिझेल, आणि मग पांढरट लगदा. थुलथुलीत. हाताला चिकटणारा. मिस्त्रीनं बोटावर घेऊन चोळला, अंगठ्यानं दाबला, परत चोळला.

‘पीठ हाय हे.’

मी म्हणालो, पीठ कसं असेल, पंपावरचं डिझेल खराब असेल. ‘पंपावर पानी मिळतंय सायेब, पीठ न्हाई मिळत. कुनीतरी घातलंय.’ हे तो मायाप्पासमोरच बोलला. मायाप्पा टाकीत टॉर्च मारत होता. ‘कुनी घालंल?’ एवढंच म्हणाला.

टाकी धुतली. डावी टाकी भरलेली आहे, तिच्यावर लाइन जोडून दिली. गाडी गुरगुरली. जीवात जीव आला.

८ जानेवारी

आज बरी चालली. तोंडातून काढायला नको.

१० जानेवारी

काढलंच तोंडातून! डाव्या टाकीवरही बंद पडली. फिल्टरमध्ये तोच लगदा.

म्हणजे दोन्ही टाक्यांत. दोन्ही! गंज एका टाकीला धरेल, पाणी एका टाकीत झिरपेल. पण पीठ आपल्या पायानं चालत दोन टाक्यांत जात नाही. दोन्हीला कुलपाची झाकणं. किल्ल्या दोन. एक आमच्या देवळीखालच्या खिळ्याला, दुसरी मायाप्पाच्या करदोट्याला.

डिझेलचा पंपही गेला. मिस्त्री म्हणतो, आतला दांडा गंजलाय, पिठाबरोबर मीठबीठ असावं. मीठ! हाडवैर्‍याच्या गाडीतही कुणी मीठ घालत नाही. पंप कलबुर्गीला पाठवला. हंगाम गेला. स्पष्ट लिहितो — गेला.

११ जानेवारी

डोकं थांबत नाही. आठवत बसलो. ३० डिसेंबरला, येळवसच्या अमावास्येला गाडी दारात उभी होती. आम्ही सगळे चुलत्याच्या रानात गेलो होतो, घरी फक्त आई, तिचे गुडघे धरलेत म्हणून. आणि त्या दिवशी मायाप्पा गाडी धुवायला आला होता. एकटा.

आईला विचारलं, ‘मायाप्पा टाकीपाशी गेलता का गं?’

‘गेलता की. चांगली घासून धुतली त्यानं. लई गुनाचं लेकरू.’

आणि नागसेन दिवाळीपासून त्याच्या मागं लागलाय — माझ्याकडं ये, नवी गाडी देतो. मायाप्पा मला सोडून जातो म्हणायला लाजतो, हे मला ठाऊक आहे. पण गाडीच बंद पडली तर? मग सोडायला काय लाज? असा विचार करणारा मी कोण झालो! अंबिकाला बोललो तर ती पोळपाटावरचं लाटणं खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिली. ‘आपल्या लग्नाच्या वरातीत गाडी त्यानं चालवली. पोरीच्या टायमाला भर पावसात मला दवाखान्यात त्यानं नेलं. आन् त्यो पीठ घालंल?’

मग कोणी घातलं, ते सांग ना! ते कोणी सांगत नाही.

१३ जानेवारी

बोललो.

आळंदच्या ट्रकच्या अड्ड्यावर, चहाच्या टपरीसमोर. सगळे होते — नागसेन, त्याचे ड्रायव्हर, हमाल. ठरवून नव्हतो गेलो. नागसेननं विचारलं, ‘काय व्यंकटराव, म्हातारी गाडी उठली का न्हाई?’ सगळे हसले. मायाप्पाही हसला. त्याच्या हसण्यानंच डोकं फिरलं.

‘किल्ली कुणाकडं असते मायाप्पा?’

‘माझ्याकडं.’

‘आन् अमावास्येला गाडीपाशी कोण होतं?’

‘अण्णा, काय म्हनायचंय ते माझ्याकडं बगून म्हन.’

मग बघून म्हणालो. जे म्हणालो ते इथं लिहीत नाही. मालकाच्या टाकीत पीठ घालणारा, एवढं तर म्हणालोच. मायाप्पानं करदोट्याची किल्ली सोडली. गाठ सुटेना, दातानं सोडली. बाकावर ठेवली. ‘तू म्हनतोस तर व्हय.’ चहाचा कप तसाच भरलेला ठेवून बसस्टँडकडं गेला.

मला वाटलं होतं, हलकं वाटेल.

१४ जानेवारी

संक्रांत. दर वर्षी सकाळी पहिला तीळगूळ मायाप्पाचा असायचा. आई दाराकडं बघत होती. ‘मायाप्पा कामून आला न्हाई?’ सुट्टीवर गेलाय, म्हणालो.

१७ जानेवारी

नागसेननं मायाप्पाला ठेवलं नाही. स्वतः सांगत होता — ‘ज्यानं तुमच्या टाकीत घातलं त्यो माझ्या टाकीत घालनार न्हाई कशावरून?’ बसवकल्याणच्या दोन गाडीवाल्यांकडंही गेला होता म्हणे. तिथंही बातमी त्याच्या आधी पोचलेली. डिझेल चोरणार्‍या ड्रायव्हरला लोक पोटात घालतात — कोण चोरत नाही! पण मालकाची गाडी मारणार्‍याला कोणी स्टिअरिंग देत नाही.

क्षणभर बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, वाटलं. मग जेवण गेलं नाही.

२० जानेवारी

देवा, हे काय करून बसलो!

डावी टाकी मी घरीच उतरवून अंगणात धुवायला घेतली. नवा ड्रायव्हर मिळत नाही, मिस्त्रीला वेळ नाही, म्हटलं आपणच करू. टाकी उलटी केली, डिझेल टाकून खळबळली, लगदा बाहेर काढला. लगद्यात एक पांढरं बारकं काहीतरी. काडीनं उचललं. लसणाची पाकळी! डिझेलच्या टाकीत लसूण! मी वेड्यासारखा ती पाकळी धरून बसलो.

आई काठी टेकत बाहेर आली. लगद्याकडं बघितलं. तोंड एवढंसं झालं.

‘पचली न्हाई व्हय रं तिला?’

‘काय पचली नाही?’

‘आंबील. म्या पाजली की येळवसला.’

ती आपली सांगत होती, सुनेला पाककृती सांगावी तशी. येळवसला सगळं गाव रानात जातं, रानाला आंबील शिंपतं, काळ्या आईला जेवू घालतं. आमचं रान रस्त्यात गेलं. त्या पैशात माझ्या वडिलांनी, आप्पांनी, ही गाडी घेतली. आप्पा गेले. ‘इतकी वर्सं दुसर्‍याच्या रानाला शिंपायला जायची म्या. औंदा गुडघ्यानं जाता आलं न्हाई. मग बसल्या बसल्या मनात आलं — आपलं रान म्हंजी हीच की रं. हिच्यावरच खातोय. आन् हिला कुनी कवा घास दिला न्हाई. म्हनून किल्ली घेतली आन् तांब्या तांब्या घातली. दोनी टाक्यात. एकाला दिऊन दुसर्‍याला उपाशी कसं ठिवायचं?’

ज्वारीचं पीठ. ताक. मीठ. लसूण. आंबवलेलं, दोन दिवसांचं.

‘मायाप्पानं बघितलं का?’

‘न्हाई. त्यो धुऊन गेल्यावर घातली. अंग धुतल्याबिगर कुनी निवद दाखवतंय व्हय?’

मी हसायला लागलो. हसता हसता रडायला लागलो. आईला वाटलं, गाडीसाठीच रडतोय. माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, ‘व्हईल रं बरी. पयल्यांदा खाल्लं की जड जातंयच.’

विचारलं होतं मी तिला! तोंडानं विचारलं होतं. पण विचारलं काय — मायाप्पा टाकीपाशी गेलता का? तू गेलीस का, हे आपल्या आईला कोण विचारतं.

२१ जानेवारी

मायाप्पाला मी काय बोललो ते आईला सांगितलेलं नाही. ती अजून रोज दाराकडं बघते.

अंबिकाला सांगितलं. ती एकच म्हणाली, ‘आता उठा.’

२३ जानेवारी

मादन हिप्परग्याला गेलो. मायाप्पाचं घर माहीत नाही असं नाही, पण आज दार सापडेना म्हणावं तसा गल्लीत घुटमळलो. त्याची बायको रेणुकाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसलेली. उठली नाही, पाणीही विचारलं नाही. विचारावं तरी कशाला?

‘त्ये न्हाईत. मेंढरामागं गेलेत.’

मायाप्पाच्या घरात पिढ्यान्पिढ्या मेंढरं. त्याच्या बापानं उन्हातान्हात चालून पाय झिजवले आणि पोराला म्हणाला, तू चाकावर बस. त्या घरातला चाकावर बसलेला पहिला माणूस मायाप्पा. आणि आज तो मामाच्या मेंढरांमागं काठी घेऊन, रानोरान. वयाच्या पन्नाशीला. मी पाठवला.

मी सगळं सांगितलं. आंबील, आई, लसूण. रेणुकाबाई ऐकत होती, शेंगा फोडायच्या थांबली नाही. शेवटी म्हणाली, ‘माझ्या पोरीला बघायला यायलते. आता येत न्हाई म्हनून निरोप आला. ते कुनाला सांगू?’

उठून आलो.

२६ जानेवारी

सापडला. अक्कलकोटच्या वाटेला, तूर काढलेल्या एका रानात मेंढरं चारायला सोडली होती. लांबूनच ओळखला. ट्रकवाल्याचं चालणं काही लपत नाही, मेंढरांमागंही तो स्टिअरिंग धरल्यासारखे हात पुढं घेऊन चालत होता.

मला बघून थांबला. मी पायच धरणार होतो, त्यानं धरू दिले नाहीत. बांधावर बसवलं, बाटलीतलं पाणी दिलं. सांगितलं सगळं. आंबिलीचं ऐकून तो हसला. खरंच हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत! ‘अव्वानं? दोनी टाक्यात? लसूण बी?’ मीही हसलो. वाटलं, संपलं. जुने दिवस आले परत.

मग तो हसायचा थांबला.

‘अण्णा, तू चौकात बोललास. आन् माघारी घ्यायला रानात आलास. हितं कोन हाय ऐकायला? मेंढरं.’

मी म्हणालो, चल, उद्याच अड्ड्यावर सगळ्यांसमोर सांगतो.

‘सांग. पर अव्वाचं नाव घिऊ नगं. तिला कळलं की तिच्यामुळं माझं असं झालं, तर ती अन्न सोडंल. मायाप्पानं न्हाई — येवढंच सांग. बास.’

परत येताना वाटभर विचार. नाव न घेता कसं सांगायचं? आणि घेतलं तर? ‘आंबील प्यालेली गाडी’ म्हणून सगळा आळंद तालुका हसेल, आईला म्हातारचळ लागलाय म्हणतील. खरं तर मलाच लाज वाटतेय. आईच्या मागं लपतोय मी.

२७ जानेवारी

उद्या जातो.

२८ जानेवारी

गेलो. सांगितलं. आणि न सांगितल्यापेक्षा वाईट केलं!

सगळे होतेच. मी म्हणालो, ‘मायाप्पानं घातलेलं नाही. माझी चूक झाली.’ नागसेन म्हणाला, ‘मग कुनी घातलं?’ मी कप उचलला. ‘नाव सांगा की.’ कपाकडं बघत बसलो. चहा निवला.

नागसेननं माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘व्यंकटराव, तुमचं मन मोठं हाय. जुना मानूस म्हनून माफ केलासा.’ बाकीच्यांनी माना हलवल्या. एक तर म्हणाला, असा मालक मिळत नाही!

म्हणजे मायाप्पा आता पक्का गुन्हेगार आणि मी देवमाणूस. यातून आता माणूस काय करणार? आणखी बोललो तर आणखी मोठं मन! पंप दुरुस्त होऊन आलाय कलबुर्गीहून, मिस्त्रीनं बसवला. गाडी सुरू केली, अंगणात गुरगुरत उभी राहिली. बंद केली. चालवायला कोण आहे? मी स्टिअरिंगला हात लावला तर हात भाजल्यासारखा वाटतो.

२९ जानेवारी

काही नाही.

३० जानेवारी

बाजारातून आलो तर आई बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडलेली. जेवली नाही. मी हाक मारली तर डोळे उघडून माझ्याकडं बघितलं आणि परत मिटले. असं तिनं माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं.

शेजारची चन्नव्वा म्हणाली, दुपारी रेणुकाबाई येऊन गेली. दोघी बराच वेळ बसल्या होत्या. भांडण नाही, आवाज नाही. रेणुकाबाईच रडत होती आणि आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

मायाप्पानं सांगितलं होतं, तिला कळू देऊ नको. मी तेवढंही सांभाळलं नाही. अंबिका म्हणते, ‘सकाळी मायजवळ बसून नीट सांगा सगळं.’ काय सांगू? की तू घातलेल्या आंबिलीचं पाप मी दुसर्‍याच्या गळ्यात बांधलं आणि सोडवायला गेलो तर गाठ आणखी आवळून आलो?

३१ जानेवारी

आईची बाज रिकामी. काठी नाही. चन्नव्वानं बघितलं — पहिल्या बसनं गेली, कंडक्टरनं दोन्ही हातांनी वर ओढून घेतलं.

आत्ता नागसेनचा फोन आला. चप्पल पायात आहे, उभ्यानंच लिहितोय. ‘व्यंकटराव, तुमची आई अड्ड्यावर भुईला बसलीया. येनार्‍या हरेक ड्रायव्हरला थांबवून सांगायलीय — मायाप्पानं न्हाई, म्या घातली. उठवलं तर उठंना. म्हनायलीय, त्या दिशी ज्यानं ज्यानं ऐकलं त्यो परतेक मानूस आल्याबिगर उठत न्हाई. जवळजवळ समदे आलो आमी. पर ती म्हनती, जो बोलला त्योच अजून आला न्हाई.’